डोंगरउतारावरील घर : रचना आणि दक्षता

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत सपाट जमीन थोडी. त्यामुळे अनेकांना उतारावरच घर बांधावे लागते. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथे भर पावसात दरडी कोसळून घरे माणसांसह गाडली गेली. अशा दरडीपुढे कितीही भक्कम बांधकाम टिकत नाही. म्हणून घराच्या आराखड्याआधी जागेचा विचार करणे अगत्याचे आहे.

जागेची पारख

प्रथम उतार मोजावा. पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ असल्यास तो १:५ उतार होय. एवढ्या किंवा याहून तीव्र उतारावरील बांधकामावर राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निर्बंध आहेत. जमिनीतील भेगा, कललेली झाडे आणि पावसाळ्यात नव्याने फुटणारे झरे ही धोक्याची लक्षणे समजावीत. ओढ्याच्या वाटेवर घर बांधू नये.

पायऱ्यांची रचना

१:६ उतारावर १२ मीटर खोलीच्या घराच्या पुढील व मागील बाजूंत दोन मीटरचा फरक पडतो. सबंध जागा एकाच पातळीत आणावयाची तर वर एक मीटर खोदाई व खाली एक मीटर भराव करावा लागतो. अर्धे घर पक्क्या जमिनीवर आणि अर्धे भरावावर राहिल्याने पाया असमान खचतो व भिंतींना तडे जातात. त्याऐवजी सहा-सहा मीटरचे दोन टप्पे केल्यास खोदाई व भराव अर्ध्या मीटरवर येतात. दोन्ही टप्पे घरातच सहा-सात पायऱ्यांनी जोडता येतात. पाया मात्र भराव ओलांडून मूळच्या घट्ट मुरुमात किंवा खडकात न्यावा.

पाण्याचा निचरा

उतारावरील घराचा खरा शत्रू पाणी होय. तीन मीटर उंचीच्या संरक्षक भिंतीमागे काठोकाठ पाणी साचले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर केवळ पाण्याचाच सुमारे साडेचार टन दाब येतो. यासाठी भिंतीमागे दगडगोट्यांचा थर द्यावा आणि भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवावीत. घराच्या वरच्या अंगाला पक्का चर खोदून डोंगराचे पाणी दोन्ही बाजूंनी वळवावे. छपराचे पाणी पन्हळीतून थेट नाल्यात सोडावे. शोषखड्डा घराच्या वर किंवा भिंतीमागे कधीही घेऊ नये. उघड्या उतारावर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावावे.

नित्य दक्षता

दरवर्षी मृग लागण्यापूर्वी चर व छिद्रे साफ करावीत. संरक्षक भिंत फुगलेली दिसल्यास किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाल्यास सामान आवरण्यात वेळ न दवडता घर सोडावे आणि तहसील कार्यालयास कळवावे.