कार्यक्रम नसेल त्या दिवशी जा

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक मुदत ठेवीवरचं व्याज विचारायला येतात. माझ्याकडे गेल्या काही वर्षांत आणखी एक काम आलं. मूळचे वाशीमचे, पण आता पुण्या-ठाण्यात आणि काही अमेरिकेत स्थिरावलेले भाचे-पुतणे, जुने शेजारी पितृपक्ष जवळ आला की फोन करतात, ‘‘काका, बाबांच्या नावाने काही द्यायचंय. आपल्याकडची एखादी चांगली संस्था सांगा ना.’’ एवढंसं विचारणं, पण ती ‘चांगली’ शोधताना बरीच पायपीट झाली आणि डोळेही उघडले. आम्ही चारपाच निवृत्त मंडळी आता हे काम मिळून करतो.

संस्थांना आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. २००६ च्या जूनअखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भात येऊन गेले आणि ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातल्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता. २०१४ पासून कंपन्यांना सीएसआरवर खर्च करणं भाग पडलं आणि २०१८ मध्ये आपण नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलो. दुःखाची नोंद सरकारदरबारी झाली की मदतीचे बॅनर आपोआप लागतात. त्यातले बरेच खरे असतात, काही नुसतेच बॅनर असतात.

आधी कागद. बँकेत असताना कितीतरी ट्रस्टची खाती उघडली, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे. कार्यालयात फ्रेम करून लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र पाहून भारावून जाऊ नका. ते फक्त संस्था जन्मल्याचं सांगतं, जिवंत असल्याचं नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तिथल्या नोंदीत आजही वारलेले अध्यक्ष आणि गाव सोडून गेलेले सचिव असतील, तर समजून घ्या की कारभार एखाद्याच माणसाच्या खिशातून चालतो. देणगीदाराला करसवलत देणाऱ्या ८०जी मान्यतेचंही तसंच. एप्रिल २०२१ पासून ही मान्यता मुदतीची झाली, सगळ्यांना नव्याने घ्यावी लागली. जुन्या, ‘कायमस्वरूपी’ पत्राच्या झेरॉक्स मात्र अजून फिरतात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आहे म्हणून कुणी छाती फुगवली तर लक्षात ठेवा, तिथली माहिती संस्थेनेच भरलेली असते. आणि दोन हजारांवर रोख दिलेत तर ८०जी ची सूट नाही. संस्थेने आयकर खात्याकडे देणगीचं विवरण भरून तुम्हाला ‘दहा-बीई’ प्रमाणपत्र द्यायला हवं. नवी कररचना निवडलेल्यांना तशीही ही सूट मिळत नाही, पण प्रमाणपत्र मागावंच. ते देणाऱ्या संस्थेने तुमचं नाव आणि रक्कम सरकारला कळवलेली असते, निव्वळ छापील पावतीला तो आधार नसतो.

ऑडिट रिपोर्ट मागितला की बहुतेक जण पहिल्या पानावरची सनदी लेखापालाची सही पाहून मिटवतात. मी उलटं करतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या नियमांत लेखापरीक्षकाने उत्तरं द्यायची एक प्रश्नावली आहे: शिल्लक आणि व्हाउचर जुळले का, येणं वर्षभरापेक्षा जास्त थकलं का, दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का. ते कंटाळवाणं पान आधी वाचायचं. मग परिशिष्ट नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. त्यात उद्दिष्टांवरचा खर्च शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य असा वेगवेगळा दाखवायला जागा आहे. सगळी रक्कम ‘इतर धर्मादाय’ या एकाच ओळीत कोंबलेली दिसली की मी चष्मा पुसतो. ताळेबंदात विश्वस्तांना दिलेलं कर्ज दिसलं तर चष्मा काढून ठेवतो.

पण कागद अगदी स्वच्छ असूनही काम नसतं, हे आम्ही मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर पाहिलं. आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला, नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर गेले की मागे राहिलेल्या पोरांसाठी वसतिगृह, असा तो उपक्रम. संस्थेचं नाव लिहीत नाही. माहितीपत्रक देखणं, फोटोत ताटं वाढलेली, ऑडिट वेळेवर. अमेरिकेतल्या एका कुटुंबाला पाच वर्षांचा खर्च उचलायचा होता. आम्ही फोन न करता आडवारी गेलो. खोलीत गाद्यांची चळत, काहींवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. पोरं नव्हती. अधीक्षक म्हणाले, ‘‘काल सुट्टी होती ना सर, घरी गेली सारी.’’ घरी कोण आहे, आईबाप तर फडावर, असं विचारल्यावर, ‘‘आजी-आजोबा असतात ना.’’ खरंही असेल. म्हणून आम्ही स्वयंपाकघर पाहिलं. पंधरा माणसांचा भात शिजेल एवढं पातेलं आणि हजेरीपटावर पटसंख्या अठ्ठावन्न. साठा रजिस्टरमध्ये तुरीची डाळ रोज सारखीच, ग्रॅमचाही फरक नाही. मग मागच्या वर्षीची पानं उलटली. होळी आणि धुळवडीच्या दिवशी अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न हजर! बंजारा तांड्यावरचं लेकरू होळीच्या दिवशी वसतिगृहात बसून राहतं, असं ज्याला पटत असेल त्याने खुशाल देणगी द्यावी. होळीला तर फडावरून माणसं परततात, लेंगीची गाणी म्हणतात, अख्खा तांडा जागा असतो. पुण्यात बसून तो रिपोर्ट वाचणाऱ्या कुणाच्याही हे ध्यानात आलं नसतं. जागेवरच्या माणसाने बघावं लागतं ते एवढ्यासाठी.

तेव्हापासून आमचा एकच हट्ट: उद्घाटन, वाटप, वर्धापनदिन यांची निमंत्रणं घ्यायची नाहीत. कार्यक्रम नसेल त्या दिवशी जायचं, हजेरीपट मागायचा, सणावाराची पानं आधी बघायची आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्याशी कार्यकर्ते सोबत नसताना बोलायचं.

आता थोडं अवघड सांगतो, कारण प्रामाणिकपणा सापडला म्हणजे काम झालं असं मलाही फार दिवस वाटायचं, आणि फोन करणाऱ्यांना तर हमखास वाटतं. शिलाई मशीन घ्या. आत्महत्या झालेल्या घरातल्या बाईला मशीन देणं हा आपल्याकडचा लाडका उपक्रम. फोटो चांगला येतो. रिसोड भागातल्या एका गावात तीन वेगळ्या संस्थांनी मिळून इतकी मशीन दिली होती की शिवून घेणाऱ्यांपेक्षा शिवणाऱ्या जास्त. एकीने मशीनवर टीव्ही ठेवला होता. पैसे कुणी खाल्ले नव्हते, हिशेब चोख होता, उपयोग मात्र शून्याच्या जवळपास. पॅकेजमधल्या दुभत्या गाईंचं असंच झालं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात बांधलेली संकरित गाय घरच्यांपेक्षा जास्त कशी खाते, हे पी. साईनाथ यांनी २००६ मध्येच वर्ध्याच्या बाजूने लिहिलं होतं. तेव्हा ‘पैसे पोहोचले का’ यापुढचा प्रश्न ‘पोहोचून काय बदललं’ हा असतो.

तो कसा विचारायचा, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने दाखवून दिलं. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला आणि जिथे तो केला नाही अशा ४७ गावांतलीही बाळं मोजली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ती ४७ गावं मोजली नसती, तर कुणीही म्हणू शकला असता की रस्ते झाले, दवाखाने आले, त्यामुळे मृत्यू घटले. अमेरिकेत २००७ मध्ये गुंतवणूक कंपनीतल्या दोन तरुणांनी ‘गिव्हवेल’ काढली, ती याच प्रकारचा पुरावा मागून मोजक्या संस्थांची शिफारस करते. चांगलंच आहे. पण मालेगाव तालुक्यातल्या चार शिक्षकांच्या अभ्यासिकेचं मूल्यमापन करायला तिथून कुणी येणार नाही. आपल्या देशात गाइडस्टार इंडिया, क्रेडिबिलिटी अलायन्स आहेत, त्यांच्याकडेही बहुतेक अशाच संस्था पोहोचतात ज्यांच्याकडे अर्ज भरायला माणूस आहे. म्हणून लहान प्रमाणात आपणच करायचं. वसतिगृह पाहिलंत तर शेजारच्या, वसतिगृह नसलेल्या तांड्यावर जा आणि तिथल्या शाळेत विचारा की हंगामात किती मुलं टिकली. दोन्हीकडे सारखीच असतील तर त्या वसतिगृहाला तुमच्या पैशांची गरज नाही.

मराठी माणसाला हे नवं नाही. पुण्यात वीणा गोखले यांचं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन २००५ पासून पितृपक्षातच भरतं आणि देणारा-घेणारा समोरासमोर येतात. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो. ज्यांना गावी येणं जमत नाही त्यांनी अशी चाळणी जरूर वापरावी. पुढच्या वर्षी काय झालं, हे मात्र देणाऱ्यालाच विचारावं लागतं.

एका गोष्टीवर फोनवर दरवेळी वाद होतो: ‘‘काका, माझे शंभरातले शंभर रुपये मुलांवरच गेले पाहिजेत.’’ हा हट्ट सोडा. हिशेबनीसाचा पगार, गाडीचं पेट्रोल, ऑडिटची फी हाही कामाचाच खर्च आहे. तो शून्य दाखवणारी संस्था एक तर लपवते, नाहीतर कार्यकर्त्यांना उपाशी ठेवते. मला उलट भीती वाटते ती व्हाउचर पिशवीत कोंबून ठेवणाऱ्या सज्जनांची. त्यांचं काम खरं असतं आणि एक दिवस धर्मादाय कार्यालयाची नोटीस येऊन बंद पडतं.

रक्कम एकदम देऊ नका. अर्धी आधी द्या, बाकीची सहा महिन्यांनी, हजेरी आणि खर्च पाहून. आणि प्रत्येक संस्थेला लेखी विचारा: ‘गेल्या वर्षी तुमचं काय फसलं?’ बहुतेकांचं उत्तर येतं, ‘सर्व उपक्रम यशस्वीरीत्या पार पडले.’ मंगरुळपीरकडच्या एका छोट्या संस्थेने फुलस्केपचं दीड पान हाताने लिहून पाठवलं होतं. मुलींसाठी सायकली दिल्या, त्यातल्या निम्म्या भाऊच वापरतात, पावसाळ्यात पांदणरस्त्यावर चालतच नाहीत, यंदा सायकली बंद करून ऑटोचं भाडं द्यायचा विचार आहे पण ऑटोवाला तयार होत नाही, काही सुचत असेल तर कळवा, असं त्यात होतं. खाली खर्चाचा आकडा आणि तेराशे रुपयांचं बिल हरवल्याची कबुली. त्यांना आम्ही अमेरिकेतल्या त्या कुटुंबाचे पैसे सुचवले. पहिल्या वर्षीच्या हप्त्यात अर्धवेळ हिशेबनीसाचा पगार धरला होता, तो आधी संस्थेनेच नको म्हटला. बरीच समजूत घालावी लागली.