टाचणी आणि पृथ्वी

मुलांनो, टेबलावर एक टाचणी ठेवा आणि तिच्यावर लहानसा लोहचुंबक धरा. टाचणी टुणकन वर उडते! खाली सगळी पृथ्वी तिला ओढत असते, तरी जिंकतो चुंबक. विद्युतचुंबकीय बलापुढे गुरुत्वाकर्षण किती दुबळे आहे, पाहिलेत?

अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. मग केंद्रक फुटत का नाही? प्रबळ बल त्यांना घट्ट धरून ठेवते.

चौथे क्षीण बल. नाव क्षीण, पण ते नसते, तर सूर्य तळपलाच नसता! हे बल आणि विद्युतचुंबकीय बल मुळात एकच, असा सिद्धान्त ग्लॅशो, अब्दुस सलाम व वाइनबर्ग यांनी मांडला. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्षीण बल वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड कण मात्र १९८३ मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले.