मैल कमी, पण पट्टे किती जुने?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. १९८५ची होंडा गोल्डविंग जीएल १२०० विकत घेतली आहे. फक्त १८ हजार मैल चाललेली, म्हणून टायमिंग बेल्ट बदलायची गरज नाही, असं विकणारा म्हणतो. लगेच ब्लू रिज पार्कवेला नेऊ का? पूर्वी पुण्यात बुलेट चालवायचो. ही फार जड वाटते.
– एक वाचक

उत्तर : गाडी उत्तम निवडलीत, पण इतक्यात लांब नेऊ नका. रबर मैलांनी झिजतं तसं वयानंही कडक होतं. या इंजिनात दोन दातेरी पट्टे आहेत. चालत्या गाडीत एक जरी तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बदलल्याची पावती नसेल तर दोन्ही आधी बदला. काम अवघड नाही, रेडिएटर मात्र सहसा काढावा लागतो. टायरचं वयही बघा : बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ब्रेक ऑइल नवं भरा. स्टेटरच्या तीन पिवळ्या तारांचा जोड जळकट दिसला तर तिथेच थांबा, कारण स्टेटर बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

वजनाची धास्ती नको. गाडी ३०० किलोंहून जड असली तरी आडवं इंजिन खाली आहे आणि पेट्रोलची टाकी सीटखाली, त्यामुळे वेग घेतला की ती हलकी भासते. ती पडते ती थांबताना, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबल्यावर. रिकाम्या पार्किंगमध्ये हळू वळणं घोटवा, मग जवळच्या फेऱ्या करा. पार्कवे त्यानंतर.