काचेतील तळे : वनस्पती, कोळंबी आणि पाण्याचा एक अभ्यासपाठ

पाण्याचा इतिहास हा माणसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. आपल्या समाजासाठी तर तो अधिकच खरा आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती; शिपाई आला तरच पाणी मिळे. पुढे 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव संमत झाला आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी तो हक्क प्रत्यक्ष बजावला. हक्क मिळाला की जबाबदारीही येते. ज्या पाण्याला स्पर्श नाकारला गेला, ते पाणी समजून घेणे व जिवंत ठेवणे हे आता आपल्या मुलांचे काम आहे. त्या दृष्टीने वसतिगृहाच्या वर्गात किंवा घरी सहज मांडता येईल अशा एका लहान मत्स्यालयाचा पाठ आम्ही येथे देत आहोत. यात मासे नाहीत. पाणवनस्पती आणि गोड्या पाण्यातील शोभेची कोळंबी, एवढेच आहे.

थोडा इतिहास

काचेच्या पात्रात पाण्याचे जीवन टिकवता येते, हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. काही काळाने वनस्पतीची पाने कुजू लागली व पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजका भाग खाल्ला आणि पाणी पुन्हा निवळले. प्राणी, वनस्पती आणि कुजके खाणारे जीव या तिघांपैकी एकजण नसला तरी उरलेले दोघे टिकत नाहीत, हा त्या प्रयोगाचा धडा. हे असल्यामुळे ते असते, या प्रतीत्यसमुत्पादाच्या विचाराची ओळख मुलांना करून देण्यास याहून सोपे साधन आम्हांस माहीत नाही. मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. आपल्या भागातील अनेक पालकांनी लहानपणी सहलीत ते पाहिले असेल.

आपला परिसरही या विषयाला परका नाही. सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. याच अशोकाने राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत कासव आणि अस्थिहीन मासे यांचाही उल्लेख असून ठरावीक दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे. पाण्यातील क्षुद्र जीवाचाही विचार राज्यकर्त्याने करावा, ही परंपरा आपल्या दाराशी आहे.

टाकी आणि तिची जागा

18 इंच लांब, 12 इंच रुंद व 12 इंच उंच काचेची टाकी नवशिक्यास योग्य. तिची क्षमता सुमारे 42 लिटर; वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता 35 लिटरच्या आसपास पाणी राहते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यात काच व वाळू धरली की भार 50 किलोच्या घरात जातो. म्हणून टेबल भक्कम व सपाट हवे. अगदी लहान बरणी स्वस्त पडते, परंतु थोड्या पाण्यात तापमान व घाण झपाट्याने बदलते. पाणी जितके अधिक, तितकी चूक पोटात घालण्याची त्याची शक्ती अधिक.

टाकी थेट उन्हात ठेवू नये. वसईच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी 30 अंशांवर गेले तर त्यातील प्राणवायू कमी होतो व कोळंबी गुदमरते. पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भर मात्र शुद्ध केलेल्या, क्षाररहित पाण्यानेच घालावी, कारण वाफ होते ती पाण्याची. क्षार टाकीतच राहतात.

तळाला धुतलेली बारीक नदीची वाळू दोन इंच पसरावी. अर्नाळा किंवा रानगावच्या किनाऱ्यावरील वाळू वापरू नये. तीत मीठ व शिंपल्यांचा चुना असतो. सजावटीच्या दगडावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर दगडात चुना आहे, तो बाजूला ठेवावा. आपला काळा कातळ या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होतो.

वनस्पती

हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया ही नावे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून परिचित आहेत. त्यांच्या जोडीस जावा मॉस घ्यावे. त्याच्या गुंत्यात पिल्ले लपतात व चरतात. अनुबियास लावायचा तर त्याचा आडवा कंद वाळूत पुरू नये, दगडाला दोऱ्याने बांधावा. पुरला तर कुजतो. बाजारातील वनस्पतींवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. म्हणून त्या स्वतंत्र बादलीत आठवडाभर ठेवून दररोज पाणी बदलावे. बावखलातून आणलेल्या वनस्पतींबरोबर चतुराच्या अळ्या येतात व त्या कोळंबी फस्त करतात. तेव्हा पानन्‌पान तपासावे. एलईडी दिवा सहा ते आठ तास पुरे. अधिक प्रकाशाने शेवाळ माजते.

पाणी मुरू देणे

हा या पाठाचा गाभा आहे आणि येथेच उतावळेपणाने बहुतेक टाक्या बिघडतात. टाकी भरली, त्याच दिवशी कोळंबी सोडली, असे करू नये. उरलेले अन्न व विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते बरेच सौम्य असून वनस्पती ते खत म्हणून शोषतात. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण टाकीचे खरे रहिवासी तेच. त्यांची वस्ती वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात एक दिवसाआड चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते.

जिवाणूंचे घर म्हणजे स्पंज फिल्टर. हवेच्या पंपावर तो चालतो आणि पिल्ले त्यात ओढली जात नाहीत. तो नळाखाली कधीही धुऊ नये; टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येत नाही.

महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत 24 तासांत बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन मात्र उडत नाही, त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानातील जलशोधक द्रव वापरावा. किनारपट्टीच्या बोअरवेलचे मचूळ पाणी टाळावे. सामू 6.5 ते 8 आणि टीडीएस 150 ते 250 च्या दरम्यान असावा. अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट 20 पीपीएमच्या आत आले, असे चाचणीसंचाने दाखविले, तरच पुढे जावे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतः तपासून स्वीकारावे, ही तथागतांची शिकवण येथे शब्दशः लागू पडते.

कोळंबीचे आगमन आणि संगोपन

नवशिक्यांसाठी चेरी श्रिंप, शास्त्रीय नाव नियोकॅरिडिना डेव्हिडी, ही जात उत्तम. ती मूळची पूर्व आशियातील. लांबी सुमारे तीन सेंटिमीटर, आयुष्य एक ते दोन वर्षे. आरंभी दहा पुरेत. पिशवीतील पाण्यासह त्यांना भांड्यात ठेवून, गाठ मारलेल्या बारीक नळीने टाकीचे पाणी दीड-दोन तास थेंब थेंब मिसळावे. पाण्याचा अचानक बदल त्यांना सोसत नाही.

काचेवरचा व पानांवरचा सूक्ष्म थर हेच त्यांचे मुख्य अन्न. त्याशिवाय एक दिवसाआड उकडलेल्या पालकाचा लहानसा तुकडा, किंवा देशी बदामाचे वाळलेले पान द्यावे. पालक दोन-तीन तासांनी उरला तर काढून टाकावा. वाढताना कोळंबी कात टाकते. ती रिकामी कात मेलेली कोळंबी समजून मुले घाबरतात. ती तेथेच राहू द्यावी, कॅल्शियमसाठी कोळंबी स्वतःच ती खाते. मादी पोटाखाली अंडी बाळगते आणि तीन-चार आठवड्यांत मोठ्यांचीच इवली प्रतिकृती असलेली पिल्ले बाहेर पडतात. दर आठवड्याला चार-पाच लिटर पाणी बदलावे.

दोन गोष्टी प्राणघातक आहेत. पहिली तांबे : तांब्या-पितळेचे भांडे टाकीत बुडवू नये, ताम्रयुक्त औषध घालू नये. दुसरी कीटकनाशक : कोळंबी व डास हे दोघेही संधिपाद प्राणी असल्याने डासांवरचा फवारा कोळंबीलाही मारतो. वस्तीत धूरफवारणी होणार असेल त्या वेळी हवेचा पंप थांबवून टाकी ओल्या कापडाने झाकावी, खोली बंद ठेवावी व धूर विरल्यावर पंप पुन्हा सुरू करावा.

टाकीबाहेरचे शील

सजीवाला काचेत ठेवणे पहिल्या शीलाशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न उपासक-उपासिका विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर असे : केवळ शोभेसाठी ठेवणे व काळजी न घेणे ही हिंसाच आहे. सुटीत टाकी कोण पाहील, हे ठरल्याशिवाय कोळंबी आणू नये. वसतिगृहात पाळीपत्रक लावावे, प्रत्येक मुलामुलीचा हात त्या पाण्याला लागावा, आणि तापमान, चाचणी, मृत्यू, जन्म यांची नोंद एकाच वहीत व्हावी.

आणखी एक बंधन पाळावे. संख्या वाढली म्हणून, किंवा पुण्य म्हणूनही, ही कोळंबी तळ्यात, नाल्यात वा बावखलात सोडू नये. हौसेने आणलेला सकर मासा देशातील नद्यांत पसरून स्थानिक माशांना कसा भारी पडला, हे आपण पाहतोच. करुणेला ज्ञानाची जोड नसेल तर तीही घात करते. वाढलेली कोळंबी दुसऱ्या शाळेला द्यावी.

शेवटी मुलांना टाकीपाशीच थांबवू नये. वसईच्या वाड्यांतील बावखले पावसाचे गोडे पाणी साठवीत, बागायतीला पुरवीत आणि विहिरींत खारे पाणी शिरू देत नसत. आज त्यांतील अनेक भराव टाकून बुजविली गेली आहेत. 35 लिटर पाणी जिवंत ठेवण्यास किती दिवस व किती हात लागतात, हे ज्या मुलाने अनुभवले, तो एका रात्रीत बुजविल्या जाणाऱ्या बावखलाकडे पाहून गप्प बसणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या घरी, विहारात वा शाळेत असे एक तळे मांडावे आणि गावातले एक तळे राखावे, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!