‘फर्स्ट कॉपी’तलं सोनं किती खोल?

लग्नसराई जवळ आली की जावयाला घड्याळ कुठलं द्यायचं, याची चर्चा घरोघरी सुरू होते. अंगठी सराफाकडून येते, घड्याळ मात्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीने येतं. नामांकित स्विस कंपनीचं नाव, पिवळीधमक झळाळी, हातात घेतल्यावर जाणवणारा जडपणा आणि किंमत वीस-पंचवीस हजार. विकणारा वर सांगतो, ‘मशीन डुप्लिकेट असेल, पण सोनं ओरिजिनल आहे, अठरा कॅरेट.’ या एका वाक्यावर माणसं पैसे मोजतात, म्हणून त्या वाक्याचीच तपासणी करायला हवी. माझं मत आधीच सांगून टाकतो: या भावात मिळणाऱ्या नकली, म्हणजे ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळात भरीव सोनं असूच शकत नाही. असतो तो मुलामा, आणि तोही बहुधा एका मायक्रॉनच्या आसपास. हे कळायला घड्याळ हातात घ्यायचीही गरज नाही, कागद-पेन्सिल पुरे.

मुंबईतल्या माहुलसारख्या ठिकाणी हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. इथल्या जुन्या कोळीवाड्यात बाईच्या अंगावरचं सोनं मिरवण्यासाठी असतं तसंच अडीअडचणीला गहाण टाकण्यासाठीही असतं. तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर इथल्या इमारतींत आलेल्या कुटुंबांकडे तर बचतीचं दुसरं साधन फारसं नसतंच. अशा घरात ‘सोन्याचं घड्याळ’ आलं की ते मनातल्या मनात बचतीच्या खात्यात जमा होतं. मुलाच्या फीसाठी, दवाखान्यासाठी कधीतरी उपयोगी पडेल, असं घरातलं प्रत्येकजण धरून चालतो. सोनं तारण घेणारी बँक किंवा पेढी मात्र फक्त निव्वळ सोन्याचं वजन मोजते. मुलाम्याचं वजन तिच्या लेखी शून्य. गरज पडेल त्याच दिवशी हे शून्य समोर येतं, आणि फसवणुकीचा खरा तडाखा तेव्हा बसतो.

आता हिशेब. 2025 मध्ये शुद्ध सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. सोयीसाठी ग्रॅमला 10,000 रुपये धरू; भाव याहून चढा असेल तर माझा मुद्दा आणखी पक्का होतो. केस आणि पट्टा दोन्ही भरीव सोन्याचे असलेल्या मोठ्या पुरुषी घड्याळात 18 कॅरेटचं सोनं शंभर ग्रॅमच्या घरात जातं. 18 कॅरेट म्हणजे हजारात 750 भाग शुद्ध सोनं, म्हणजे 75 ग्रॅम, म्हणजे साडेसात लाख रुपये. हा नुसता धातू झाला. घडणावळ, मशीन, काच आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. आता मुलामा पाहू. केस आणि पट्ट्याच्या कड्या सगळ्या बाजूंनी धरून पृष्ठभाग साधारण शंभर चौरस सेंटिमीटर समजा. त्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा शुद्ध सोन्याचा थर चढवायला 0.19 ग्रॅम सोनं लागतं. त्याची किंमत दोन हजारांच्या आतच. वीस-पंचवीस हजारांच्या घड्याळात यातला कुठला हिशेब बसतो, हे कुणाला समजावून सांगायला नको.

इथे विकणाऱ्याची पहिली हरकत येते: ‘भरीव नाही हो, पण साधा मुलामाही नाही. स्टीलवर सोन्याचा जाड पत्रा चढवलाय, पन्नास मायक्रॉन.’ हे अशक्य नाही. धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवण्याची पद्धत जुनी आहे, आणि मागच्या पिढीच्या कित्येक चांगल्या घड्याळांच्या पाठीवर मायक्रॉनचा आकडा कोरलेला सापडतो. पण हाही दावा त्याच तराजूत टाका. शंभर चौरस सेंटिमीटरवर पन्नास मायक्रॉनचा 18 कॅरेटचा थर म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास मिश्र सोनं. त्यातलं शुद्ध सोनं पावणेसहा ग्रॅमच्या पुढे, किंमत 58 हजारांच्या घरात. घड्याळाची एकूण किंमत त्याच्या निम्मीही नसेल तर पत्र्याची गोष्टही गोष्टच ठरते. दोन रंगांच्या घड्याळांनाही हेच लागू. ‘फक्त बेझल आणि मधल्या कड्या सोन्याच्या’ असं सांगितलं तर त्या भागांचं वजन विचारा. बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, पाच ग्रॅमचं असेल तर एकट्या बेझलमधलं सोनं साडेसदतीस हजारांचं होतं. वजन सांगायला कुणी तयार नसेल तर ते बहुधा सांगण्यासारखं नसतं.

दुसरी हरकत शिक्क्याची. घड्याळाच्या पाठीमागे आतल्या बाजूला 750 कोरलेलं असतं, कधी शेजारी कुत्र्याचं इवलंसं डोकं असतं. स्वित्झर्लंडमध्ये 1995 पासून मौल्यवान धातूच्या घड्याळांवर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा अधिकृत शिक्का मारतात, हे खरं आहे. पण जो माणूस कंपनीचं नाव, मुकुटाचं चिन्ह आणि अनुक्रमांक हुबेहूब उतरवतो, त्याला कुत्र्याचं डोकं उतरवायला किती वेळ लागणार? शिक्का मारणाऱ्याला जाब विचारता येत असेल तरच शिक्क्याला अर्थ असतो. आपल्याकडच्या हॉलमार्कचं बळ त्यातच आहे. 16 जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंक-अक्षरी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आली. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की दागिना कुठल्या सराफाने, कुठल्या केंद्रात तपासून घेतला, ते दिसतं. शुद्धता कमी निघाली तर ब्युरोच्या 2018 च्या नियमांनुसार फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळू शकतो. पण या सक्तीतून काही वस्तू पहिल्यापासून वगळल्या आहेत: कुंदन, पोलकी, जडाऊ, फाउंटन पेन आणि घड्याळं. म्हणजे अस्सल सोन्याच्या घड्याळावरही एचयूआयडी नसू शकतो, आणि नकली घड्याळावरच्या शिक्क्यामागे कुणीच उभं नसतं. कायद्याचं हे मोकळं अंगण फर्स्ट कॉपीवाल्यांना बरोबर ठाऊक असतं.

तिसरी हरकत तपासणीची, आणि ती खरोखर विचार करण्यासारखी आहे. ‘सोनाराकडे नेऊन कस लावला, सोनं निघालं. मशीनवर लावलं, अठरा कॅरेट दाखवलं.’ पण मुळात कस लागतो तो पृष्ठभागाचा. कसोटीच्या दगडावर घड्याळाची कड हलकेच ओढली तर रेघ मुलाम्याची उमटते, आणि आम्ल त्या मुलाम्याचाच कस सांगतं. खोल पाहायचं तर कानस मारून आतला धातू उघडा करावा लागतो, आणि तेवढी परवानगी विकणारा देत नाही. कॅरेट मोजणारं क्ष-किरणांचं यंत्रही वरच्या काही मायक्रॉनांपलीकडे पाहत नाही. पातळ मुलामा असेल तर त्याच्या पडद्यावर लोखंड, क्रोमियम, निकेल, तांबं यांचे आकडे डोकावतात. म्हणून नुसता कॅरेटचा आकडा न वाचता धातूंची सगळी यादी वाचायची. जाड मुलामा मात्र त्याला चकवू शकतो. सराफी व्यवहारात अखेरचा शब्द तुकडा गाळून पाहण्याचाच, आणि घड्याळ गाळून पाहायला कुणी तयार नसतं. लोहचुंबकाचा खेळ तर साफ फसवा आहे. घड्याळात वापरतात ते चांगलं स्टील चुंबकाला जवळजवळ ओढलं जात नाही, पितळही नाही. चुंबक चिकटला नाही म्हणून सोनं ठरत नाही.

मोडतोड न करता थोडंफार खरं सांगेल असं एकच साधन सामान्य माणसाच्या हातात आहे: घनता. शुद्ध सोन्याची घनता 19.3, 18 कॅरेट पिवळ्या सोन्याची 15 ते 16, पितळेची साडेआठच्या आसपास आणि स्टीलची सुमारे 8. अख्खं घड्याळ मोजून उपयोग नाही, कारण आत यंत्र, काच आणि हवा असते. घड्याळजीकडून पट्ट्याची एक भरीव कडी सोडवून घ्यायची आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर आधी हवेत, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायची. तीन ग्रॅमची कडी 18 कॅरेटची असेल तर पाण्यात तिचं वजन साधारण 0.2 ग्रॅमने घटतं. स्टीलची असेल तर जवळपास 0.38 ग्रॅमने. हा फरक साध्या काट्यालाही दिसतो. यावर कुणी म्हणेल, टंगस्टन घातलं असेल तर? शंका रास्त आहे. टंगस्टनची घनता 19.25, सोन्याच्या अगदी जवळ, आणि महागड्या नकलांमध्ये वजन जुळवायला ते वापरतात. म्हणूनच हातातला जडपणा हा पुरावा नाही, आणि घनतेची चाचणी ‘नाही’ म्हणाली तर निर्णायक, ‘हो’ म्हणाली तर अर्धवट समजायची. आम्लाचे प्रयोग घरी अजिबात करू नयेत. नायट्रिक ॲसिड त्वचा आणि डोळे दोन्ही जाळतं.

काळ मात्र फुकट चाचणी घेतो, आणि माहुलच्या हवेत ती लवकर उरकत असावी. एका बाजूला खाडीचा खारा दमटपणा, दुसऱ्या बाजूला 1950 च्या दशकापासून चालू असलेले तेलशुद्धीकरण कारखाने. इथली हवा आरोग्याला घातक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये नोंदवलं, ते माणसांच्या फुप्फुसांबद्दल होतं. पण दमट, खारी आणि गंधकाचा अंश असलेली हवा धातूलाही सोडत नाही. सोनं गंधकाला किंवा मिठाला दाद देत नाही. पातळ मुलाम्यात मात्र सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून ओलावा खालच्या पितळेपर्यंत पोचतो आणि काळपट, हिरवट डाग वर येतात. स्टीलवरचा मुलामा काळा पडण्यापेक्षा झिजतो आणि खालचा पांढरा रंग उघडा पडतो. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: पट्टा केसला जिथे जोडतो तिथल्या धारदार कडा, चापाची आतली बाजू, दोन कड्या एकमेकींवर घासतात ती जागा, स्क्रूची भोकं. हल्ली मुलाम्याखाली टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी, कडक थर देतात, त्यामुळे झीज दिसायला उशीर लागतो. उशिरा दिसली म्हणून ती वस्तू सोन्याची होत नाही.

सगळ्यात प्रामाणिक हरकत गिऱ्हाइकाची असते: ‘नकली आहे हे मला माहीत आहे. मला फक्त दिसायला हवं.’ यावर माझा वाद नाही. मुलामा हे काही पाप नव्हे. वन ग्रॅम गोल्डचे दागिने आपण उघडपणे घेतो, घालतो, आणि त्यांचा भाव त्याच मापाने देतो. गोष्ट बिघडते ती मुलाम्याला सोन्याचा भाव दिल्यावर. शिवाय दुसऱ्याची नाममुद्रा खोटेपणाने लावणं आणि असा माल विकणं हा 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 103 आणि 104 खाली गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. मुंबईत हाजी अलीचं हीरा पन्ना शॉपिंग सेंटर अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या कुख्यात बाजारांच्या यादीत गेलं ते अशाच मालामुळे. असा माल विकणारा पक्कं बिल देत नाही, आणि बिलाशिवाय ग्राहक आयोगापुढे तुमची बाजू लंगडी पडते. विकत घेतानाच आपण आपली तक्रार सोडून दिलेली असते.

आता करायचं काय, ते मोजक्या शब्दांत. बचत हवी असेल तर एचयूआयडी असलेलं सोनं घ्या, क्रमांक दुकानातच ॲपवर तपासा, आणि घड्याळाचा खर्च वेगळा ठेवा. सोन्याचंच घड्याळ हवं असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. भारतीय कंपन्याही 18 कॅरेटच्या भरीव सोन्याची घड्याळं बनवतात. बिलावर कॅरेट आणि सोन्याचं निव्वळ वजन लिहून मागा, कारण हॉलमार्कची सक्ती नसलेल्या या वस्तूला तो कागदच आधार आहे. सोनाराकडून खऱ्या सोन्याची केस घडवून घेता येते, पण मग भाव सोन्याचाच लागेल, आणि त्यावर परक्या कंपनीचं नाव कोरण्याचं कारण उरणार नाही. मुलाम्याचं घड्याळ आवडलं तर स्वतःच्या नावाने विकणाऱ्या साध्या कंपनीचं घ्या, घाम पुसून ठेवा आणि त्याला पॉलिशच्या चाकावर धरू देऊ नका. एका पॉलिशमध्ये सगळा थर जाऊ शकतो. फर्स्ट कॉपी आधीच घरात असेल तर एक कडी तोलून घ्या आणि निकाल घरातल्या सगळ्यांना सांगा, म्हणजे अडचणीच्या दिवशी कुणी त्यावर विसंबणार नाही. जावयाला द्यायचं असेल तर मुलामा आहे हे देतानाच सांगा. नाहीतर दोन वर्षांनी चापाखालचं पांढरं स्टील ते सांगेल, आणि तोवर प्रश्न घड्याळाचा न राहता दोन घरांमधल्या शब्दाचा झालेला असेल.