वैशाखातले अंगण

चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने. पंचांगात तसे लिहिलेले असते. पण वैशाख म्हटला की आपल्याला वसंत आठवत नाही, वणवा आठवतो. विहिरीचा तळ दिसू लागतो. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि रात्री झोप येत नाही.

पण ह्याच दिवसांत मोगरा फुलतो. पांढऱ्या चाफ्यावर एक पान नसते, आणि झाड फुलांनी भरलेले असते. माळावरचा बहावा पिवळा होतो. ऊन कलले की माणसेही घरातून बाहेर येतात. जेवण अंगणात, गप्पा अंगणात, झोपही अंगणातच. उन्हाळ्यात अंगण हीच आपल्या घराची सर्वांत मोठी खोली. ती नीट कशी ठेवावी आणि तिथे चार फुलझाडे कशी जगवावी, ते ह्या धड्यात पाहू.

तुम्ही म्हणाल, "प्यायला पाणी नाही, अन् फुलझाडं कुठं लावत बसता?" बरोबर आहे. बाई डोक्यावर हंडा घेऊन लांबून येते. त्या हंड्यातले पाणी फुलांना घाला, असे कोणी म्हणणार नाही. पण हेच पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, ते बघा. घरात पाच माणसे आहेत. प्रत्येकाने एक बादली पाण्याने आंघोळ केली. बादलीत साधारण १५ लिटर पाणी बसते. म्हणजे ७५ लिटर पाणी मोरीतून बाहेर गेले. भांड्यांचे पाणी वेगळेच. मोगऱ्याच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी एक कळशी पाणी मिळाले, तर ते मजेत जगते. पाच झाडांना रोजच्या दोन बादल्या खूप झाल्या. एवढे पाणी आपण रोज गल्लीत सोडतो.

गल्लीत त्याचे डबके होते. डबक्यात डास अंडी घालतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होऊन उडतात. घाण पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे हत्तीरोग पसरतो. म्हणजे पाणी वाया गेले, आणि वर दुखणे आले. त्यापेक्षा सासूबाई सुनेला म्हणतात तेच खरे, "अगं, ते पाणी टाकू नको. मोगऱ्याच्या आळ्यात सोड."

पाणी कसे सोडावे? मोरीच्या तोंडापासून झाडापर्यंत हातभर रुंदीची उथळ चारी खणा. तोंडाशी थोडी खडी घाला, म्हणजे केस, खरकटे तिथेच अडकेल. खडी आठवड्याला धुवा. एकाच झाडाला रोज पाणी जाऊ देऊ नका. आज ह्या आळ्याचे तोंड उघडा, उद्या त्या. पाणी तासाभरात मुरले पाहिजे. मुरत नसेल, तर पाणी जास्त होते आहे असे समजा. जादा पाण्यासाठी शोषखड्डा घ्या. तो विहिरीपासून आणि हातपंपापासून लांब असावा.

कपडे धुण्याचा सोडा घातलेले पाणी मात्र झाडाला नको. त्याने जमीन खारट होते आणि मोगऱ्याची पाने पिवळी पडतात. आंघोळीचे साधे पाणी चालते. आणखी एक गोष्ट. ह्या पाण्यावर कोथिंबीर, मुळा, मेथी लावू नका. त्या भाज्या आपण कच्च्या खातो आणि पाण्यातली घाण पोटात जाते. फूल आपण खात नाही. म्हणून सांडपाण्यावर फुलझाडच बरे.

सांडपाणीही कमी असेल, तर जुने मडके उपयोगी पडते. झाडापासून वीतभर अंतरावर मडके गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. मातीच्या मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळाला मिळते. ऊन ते पिऊन टाकत नाही. झाकण विसरू नका. उघड्या मडक्यात डास होतात, आणि डेंग्यूचा डास तर असल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

आता मोगऱ्याकडे वळू. मोगरा अनेक जातींचा असतो. साधा मोगरा आहे, बटमोगरा आहे, हजारी मोगरा आहे, मदनबाण आहे. वास सगळ्यांचा चांगला. पण पुष्कळ घरी मोगरा नुसता वाढतो, फुलत नाही. घरची माणसे म्हणतात, "झाड वांझ आहे." झाडात काही खोट नसते. आपण त्याचे लाड करतो, ते चुकते. संत्र्याला, डाळिंबाला शेतकरी जसा ताण देतो, तसा मोगऱ्यालाही द्यावा लागतो. मार्गशीर्ष-पौषात त्याचे पाणी तोडा. पाने गळतील, घाबरू नका. मग वाळक्या आणि आडव्या फांद्या छाटा. आळे खुरपून त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. नवी फूट येईल. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, जुन्या लाकडाला येत नाही. म्हणून छाटणी हवी. फाल्गुन-चैत्रात कळ्या दिसू लागतील. वैशाखात एक बहर संपला की फांद्यांचे शेंडे थोडे खुडा, पुन्हा फूट येईल. झाड उन्हात हवे. भिंतीच्या सावलीत त्याला नुसती पानेच येतात.

कळी केव्हा खुडावी? संध्याकाळी. जी कळी पांढरी आणि टपोरी झाली आहे, ती त्याच रात्री उमलते. हिरवट कळी खुडली तर ती तशीच सुकते. कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्री सगळे घर घमघमते.

चैत्रात गौरीचे हळदीकुंकू असते. ते अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते. बायकांना पन्हे, आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे देतात. मोगऱ्याचे फूल देतात. पण कितीतरी घरांत त्या वेळी एक बाई आतच बसून राहते. आळे तिने खणलेले असते. रोज पाणी तिने घातलेले असते. कळ्या तिने खुडलेल्या असतात. पण नवरा वारला, म्हणून तिने फूल माळायचे नाही! झाडाला हा नियम ठाऊक नाही. हा नियम माणसांनी केला. आणि माणसे तो मोडूही शकतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी, वैशाख महिन्यातच, त्या गावाने ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हेरवाडचे उदाहरण घ्यायला सांगितले. तुमच्या गावात असा ठराव झाला नसेल. पण घरचा गजरा घरच्या आत्याला, वहिनीला द्यायला ठराव लागत नाही.

मोगऱ्याशिवाय आणखी काय लावावे? गुलबक्षी लावा. तिला फार काही लागत नाही. तिचे फूल ऊन कलल्यावर उघडते आणि सकाळी मिटते. म्हणजे आपण अंगणात येतो, तेव्हाच तीही येते. सदाफुली कमी पाण्यावर टिकते. पण तिची पाने कोणाच्या सांगण्यावरून खाऊ नका. तिच्यापासून कर्करोगाची औषधे काढतात हे खरे, पण ती कारखान्यात शुद्ध करून डॉक्टर मोजून देतात. कच्चे पान विषारी असते. कण्हेर तर फारच विषारी. लहान मूल किंवा वासरू असेल, तर ती अंगणात लावूच नका.

आता रात्रीची गोष्ट. बाहेर गार वारा असतो, वास असतो, चांदणे असते. पण विंचू आणि सापही रात्रीच फिरतात. "मोगऱ्याच्या वासाने साप येतो," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. साप येतो तो उंदीर आणि बेडूक धरायला, आणि लपायला गारवा शोधत. झाडाच्या बुडाशी गचपण असेल, तर त्याला जागा मिळते. म्हणून झाडाच्या खालच्या फांद्या जमिनीपासून हातभर काढून टाका, म्हणजे बुंधा दिसतो. आळ्याभोवती शोभेसाठी विटा आणि कौले रचू नका. त्यांच्या फटीत विंचू राहतो. मुळाशी ओल टिकावी म्हणून पाचट घातले असेल, तर ते काठीने हलवा, हाताने नको. पाणी घालायला अंधारात अनवाणी जाऊ नका.

आणि झोपायचे ते बाजेवर. जमिनीवर वाकळ टाकून झोपू नये. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश कित्येकदा कळतही नाही. सूज नसते, फार दुखत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. असे झाले तर देवऋषी नको, जखम कापणे नको. थेट सरकारी दवाखाना गाठा. बाजेवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. साप आणि डास, दोघांनाही ती अडवते.

विंचवाचेही तसेच. कोकणात तांबड्या विंचवाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर ह्यांनी त्यावर प्राझोसिन नावाचे औषध वापरून दाखवले, आणि मरणारी माणसे वाचू लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेवर मिळाले तर उपयोग. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्रात वेळ घालवू नका.

तुमच्या घरी मोगरा नसेल, तर आज लावायची घाई नको. वैशाखाच्या उन्हात नवी फांदी जळून जाते. आज फक्त खड्डा खणा, दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. तो महिनाभर तापू द्या, उन्हाने मातीतली कीड मरते. मग माती आणि शेणखत मिसळून खड्डा भरा. मृग लागला आणि दोन चांगले पाऊस झाले, की वीतभर लांबीची, जून झालेली फांदी घ्या. तिचे दोन डोळे मातीत आणि दोन वर राहतील अशी ती रोवा. एकाच खड्ड्यात दोन-तीन फांद्या लावा, एखादी जगत नाही. शेजारी मोगरा असेलच. आताच सांगून ठेवा, "मावशी, मृगात दोन फांद्या द्या बरं का."