युद्धचित्रात युद्ध कुठे आहे? स्टॅन्ली स्पेन्सर आणि पोर्ट ग्लासगो

'युद्धाचा चित्रकार' म्हटलं की डोळ्यांसमोर तोफा, सैनिक, जळणारी शहरं येतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या समितीने इंग्रज चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर (१८९१–१९५९) याला काम दिलं, ते मात्र स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या पोर्ट ग्लासगो या गावी, लिथगो कंपनीच्या गोदीत. साल १९४०. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि इथे नवी जहाजं बांधली जात होती.

स्पेन्सरने काय रंगवलं? माणसं. गॅसच्या ज्योतीने पोलाद कापणारे, वेल्डर, रिव्हेट ठोकणारे, दोरखंड हाताळणारे. कुणी गुडघे टेकून, कुणी आडवं पडून कामात बुडालेलं. पूर्ण जहाज जवळपास दिसतच नाही! लाल तापलेला रिव्हेट थंड व्हायच्या आत ठोकावा लागतो, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. म्हणूनच असेल, 'रिव्हेटर्स' (१९४१) हे चित्र पाऊण मीटर उंच, पण पावणेसहा मीटरच्या आसपास लांब आहे. नजर एका माणसावर थांबत नाही, पुढे सरकत राहते.

'बर्नर्स' (१९४०) तीन भागांत आहे. चर्चमध्ये वेदीमागे अशी तीन भागांची चित्रं आपण पाहतो. मधे ख्रिस्त किंवा मरियामाता, बाजूला संत. स्पेन्सरने ती संतांची जागा कामगारांना दिली. हा आकार नुसती सजावट नाही, तो एक विधान करतो: घाम गाळून केलेलं कामही पवित्र असू शकतं.

गावाने त्याला आणखी एक विषय दिला. गोदीजवळच्या टेकडीवरचं कबरस्तान पाहून त्याला पुनरुत्थानाची चित्रमाला सुचली. 'रिझरेक्शन: पोर्ट ग्लासगो' (१९४७–५०) मध्ये मेलेली माणसं कबरीतून उठतात, हात उंचावतात, आपल्या माणसांना भेटतात. इतक्या मृत्यूंनंतर काढलेलं हे चित्र आहे, हे विसरून चालणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावं? आशय फक्त विषयात नसतो, आकारातही असतो. कविता वाचताना 'कशाबद्दल आहे?' एवढंच विचारून थांबू नका. 'याच आकारात का आहे?' हेही विचारा. आणि मोठ्या घटनेवर लिहायचं असेल, तर आधी तिथे राबणारे हात नीट बघा.